अंगणातला मुलगा

विवाह हा दोन व्यक्तींचा नसून दोन कुळांचा पवित्र संबंध आहे, असं समाजाच्या वधू-वर परिचय मंडळाच्या घटनेत पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. मंडळाच्या सतरंज्या कुणी घरी नेऊ नयेत, असं दुसऱ्या कलमात आहे. मंडळाच्या आजवरच्या सगळ्या बैठका दुसऱ्या कलमावर झाल्या. पहिल्याकडे वळायला वेळच मिळाला नाही आणि त्यामुळे सेहेचाळीस मुली आणि एकावन्न मुलगे यादीत नाव घालून नुसते बसून होते.

यंदा अध्यक्ष लालसिंग यांनी ठरवलं, की हे काम कॉम्प्युटरवर टाकायचं. लालसिंग तांड्याचे नाईक, म्हणजे वस्तीचे प्रमुखही होते. एखादं काम कॉम्प्युटरवर टाकलं की ते झालं, अशी त्यांची समजूत होती आणि ती दूर करील असं तांड्यात कुणी नव्हतं. राजपाल होता, पण ती समजूत हाच त्याचा धंदा होता. शेलूबाजारला, जीपगाड्यांच्या थांब्यासमोर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता.

राजपाल तेहेतीस वर्षांचा. त्याने स्वतःचं नाव मंडळाच्या यादीत घातलेलं नव्हतं. "शिकवणाऱ्यानं परीक्षेले बसू नाई," असं तो म्हणायचा. खरी गोष्ट अशी, की तेरा ठिकाणांहून त्याला नकार आला होता आणि चौदावा नकार मंडळाच्या शिक्क्यानिशी यावा, अशी त्याची इच्छा नव्हती. क्लास म्हणजे नोकरी नाही आणि साडेतीन एकर म्हणजे शेती नाही, एवढंच तेराही घरांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

पण आता मानोऱ्याचे मोहनसिंग येणार होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची मुलगी नीता रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. एका बारशाला राजपाल तिच्याशी सात मिनिटं बोलला होता आणि तेवढ्यात ती दोनदा हसली होती. हे दोन्ही आकडे त्याने मनात नीट जपून ठेवले होते. रविवारी सकाळी अकराला मोहनसिंग घर पाहायला येणार, हे मधल्या पाहुण्यांमार्फत ठरलं होतं. त्यात मंडळाचा काही संबंध नव्हता.

मंडळाचा प्रोग्राम राजपालने आठ दिवसांत लिहिला. प्रोग्राम साधाच होता. एकेक मुलगी घ्यायची, वय, शिक्षण, कूळ पाहून तिला जुळणारा मुलगा काढायचा आणि तिच्या घरी मोबाइलवर मेसेज पाठवायचा. हे सगळं काम प्रोग्रामच्या एका बंदिस्त भागात चालायचं. क्लासमध्ये मुलांना समजावं म्हणून राजपाल अशा भागाला 'खोली' म्हणायचा. खोलीत सापडलेल्या स्थळाला त्याने नाव दिलं 'मुलगा'. मुलगी बदलली की 'मुलगा' बदलायचा. इथवर सगळं ठीक होतं.

पण लालसिंगांना मेसेजचा मजकूर रोज बदलायचा होता. सोमवारी त्यांना 'यावे' बरं वाटायचं, मंगळवारी 'येण्याचे करावे'.

"हे पाहा राजपाल, दर खेपेले तुह्या हातापाया पडत बसू काय मी? मले अशी पेटी करून दे, की मी त्यात लिहिलं का थे तसंच झालं पायजे."

राजपालने तशी पेटी करून दिली. पेटीत जे लिहाल ते प्रोग्राम हुकूम समजून जागच्या जागी पाळायचा. मधेमधे 'मुलगा.नाव', 'मुलगा.पत्ता' असे शब्द घातले, की तिथे त्या मुलाचं नाव, पत्ता बसणार. लालसिंगांना पेटी फार आवडली. लिहिलेला शब्द जसाच्या तसा पाळणारं कुणी त्यांना तांड्यात इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं.

प्रोग्राम तपासायला एक खोटा मुलगा लागतो. तो राजपालने खोलीच्या बाहेर, अगदी वरच्या ओळीवर उभा केला. नाव 'मुलगा'च ठेवलं. त्यात आधी त्याने गोलू असं नाव लिहिलं होतं. ते पाहून लालसिंग म्हणाले, "माह्या नातवाचं नाव काहून घालतं? सात वर्सांचा हाय थो." दुसरं नाव टाकावं तर तेही तालुक्यात कुणाचं तरी असणारच, मग त्याचा बाप येणार. शेवटी वाद नको म्हणून राजपालने स्वतःचंच नाव आणि पत्ता टाकला. बाकीचे रकाने लांब मजकूर पेलतात की नाही हे पाहायचं होतं, म्हणून त्यात लिहिलं: वर्ग एक अधिकारी, नव्व्याण्णव एकर ओलीत, स्वतःचा दोन मजली बंगला, निर्व्यसनी. रकान्यांनी सगळं पेललं.

शनिवारी दुपारी चार वाजता क्लासमध्ये बसून लालसिंगांनी पेटीत मजकूर लिहिला. त्याचा एक नमुना राजपालने आधी आपल्याच मोबाइलवर मागवून पाहिला. मेसेजमध्ये त्याचं नाव, त्याचा पत्ता होता. तपासणीचा मुलगा तोच असल्यामुळे तपासणीत तो यावा, हे बरोबरच होतं. "ओके हाय," तो म्हणाला. लालसिंगांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं आणि दोघंही चहाला गेले.

रविवारी सकाळी राजपालच्या आईने, कमलीबाईंनी, आठ माणसांचे पोहे भिजवले. वडील बाबूसिंगांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि ते मळू नये म्हणून सकाळपासून उभेच राहिले. नऊ वाजता शेलूबाजारच्या थांब्यावरची किशनची जीप अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबली.

"याडी, पावणे आले!" राजपालने आत आईला हाक दिली. "दोन तास आधीच आले!"

जीपमधून चौदा माणसं उतरली. त्यात मोहनसिंग नव्हते. पुढचे फेटेवाले गृहस्थ तांड्याच्या रीतीप्रमाणे आधी नाईकांच्या ओट्यावर बसून, चहा घेऊन आले होते. त्यांनी घराकडे पाहिलं, छपराच्या टिनांकडे पाहिलं, मग किशनकडे पाहिलं.

"बंगला कुठी हाय?"

"कोनता बंगला?" राजपालने विचारलं.

"साहेबाचा. राजपाल साहेबाचा."

"मीच राजपाल."

गृहस्थांनी मोबाइल काढला, हात लांब करून मेसेज वाचला आणि परत राजपालकडे पाहिलं. मेसेजमधला माणूस आणि समोरचा माणूस यांत कुठे काही जुळतं का, ते शोधत असावेत.

"वर्ग एक?"

राजपालने मोबाइल त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. 'आपल्या कन्येसाठी योग्य स्थळ निघाले आहे. मुलगा: राजपाल बाबूसिंग. वर्ग एक अधिकारी. नव्व्याण्णव एकर ओलीत. स्वतःचा दोन मजली बंगला. रविवारी सकाळी घर पाहावयास येण्याचे करावे. अध्यक्ष, लालसिंग.'

"हे... हे तुम्हाले एकट्यालेच आलं ना?" त्याने विचारलं.

तेवढ्यात मागे दुसरी जीप थांबली. तिच्यामागे एक टमटम, टमटममागे तीन मोटरसायकली. किशन स्टिअरिंगवरून खाली वाकून म्हणाला, "राजपालभाऊ, अजून तीन ट्रिपा हाय. शेलूबाजारच्या थांब्यावर सारे तुमचाच पत्ता इचारून राह्यले. कार्यक्रम मोठा ठेवला बावा तुमी, मले आधी सांगतले असते तं भावाचीबी गाडी लावली असती."

राजपाल घरात शिरला, लॅपटॉप उघडला आणि खाटेवर बसला. मागून लालसिंग आले. ओट्यावर आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर नाईकाने चहा घ्यायचा, ही रीत. साडेनऊपर्यंत त्यांचे अकरा चहा झाले होते आणि त्यांचे डोळे जरा मोठे दिसत होते.

"राजपाल, काय करून ठेवलं हे?"

"थांबा जी, पाहून राह्यलो."

"सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पोरींच्या घरी तुह्यंच नाव गेलं! कॉम्प्युटरले दुसरा मुलगा दिसलाच नाई काय?"

राजपालला ओळ सापडली. ती सापडताच त्याने कपाळाला हात लावला आणि तो तसाच राहू दिला.

"नाईकसाहेब, खोलीतले मुलगे बरोबर निघाले. एकेक. पण तुमची पेटी खोलीत नाई, बाहेर हाय. पेटीतला हुकूम बाहेर पाळला जाते."

"मंग?"

"आता समजा, घरात बसेल पोरगा हाय एक. अंगणात दुसराच उभा हाय. तुमी अंगणात येऊन हाक मारली, 'पोरा, इकडं ये.' कोन येईन?"

"अंगणातला."

"हाव. थो अंगणातला मी."

लालसिंगांनी दारातून अंगणाकडे पाहिलं. "मंग तू अंगणात काहून उभा होता?" त्यांनी विचारलं.

बाहेर आवाज वाढत होता. बाबूसिंग दारात आले, पोराच्या कानाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "राजपाल, पावणे नव्व्याण्णव एकर पाहाले चाला म्हणून राह्यले."

"बापू, नाई आपल्याकडं."

"मले माहीत हाय नाई. पण तू घेऊन ठेवली का कुठी, म्हणलं? मले न सांगता?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी आशा आली, ती पाहून राजपालला मेसेजपेक्षाही जास्त धक्का बसला.

पावणेदहा वाजले होते. मोहनसिंग यायला सव्वा तास होता. निम्मी घरं अजून निघालेली नव्हती किंवा वाटेत असावीत. त्यांना आत्ताच्या आत्ता थोपवलं, आलेल्यांना चहा पाजून परत लावलं, तर अकराला अंगण मोकळं होऊ शकत होतं. मेसेजचा मजकूर चटकन बदलायची जागा एकच होती. राजपालने पेटी उघडली आणि लिहिलं: 'आज रविवारी राजपाल बाबूसिंग यांच्या घरच्या कार्यक्रमाला कृपया येऊ नये. अध्यक्ष.' खाली लिहिलं, 'यादी'तल्या सगळ्यांना पाठवा. बटण दाबलं. 'एकावन्न मेसेज पाठवले,' असं पडद्यावर आलं.

"गेला," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "एकावन्न?"

"मुली तं सेहेचाळीस हाय ना?" लालसिंग म्हणाले.

खोलीतली 'यादी' मुलींची होती. बाहेरची 'यादी' मुलांची होती. आणि पेटी अजूनही बाहेरच होती.

"म्हंजे मुलींवाल्याइले गेलाच नाई?"

"नाई."

"आन् मुलांवाले? त्याइले तं आज काही हाय हेच माहीत नव्हतं."

"आता झालं," राजपाल म्हणाला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना मोहनसिंग आले. बरोबर त्यांचा मेहुणा आणि पेढ्यांचा पुडा होता. तोवर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बसायला काही नाही म्हणून लालसिंगांनी तांड्यात आवाज दिला होता आणि मंडळाच्या गेल्या नऊ वर्षांत हरवलेल्या साऱ्या सतरंज्या तासाभरात हजर झाल्या होत्या. सहा घरांतून निघाल्या. त्यातल्या दोन लालसिंगांच्याच माळ्यावरच्या होत्या, पण गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मोहनसिंगांनी दारापाशी थांबून नजर फिरवली. त्यांचे ओठ हलत होते.

"एकशे बारा," ते म्हणाले. "उभे धरून."

"या जी, या," राजपाल माणसांतून वाट काढत पुढे आला. "जरा गडबड हाय."

"असू द्या. मी एकतीस वर्सं एसटीत काढले, गर्दीचं मले काही वाटत नाई." मोहनसिंग खुशीत होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "तसं तं आपलं आधीच बोलणं झालं होतं. पण मंडळात नीताचा फॉर्म भरेल होता, तं काल मंडळाचाबी मेसेज आला. म्या नीताले म्हणलं, पाहा, आपुन जे घर धरलं थेच कॉम्प्युटरनंबी काढलं. आता इचारायचं कामच नाई."

शेजारी बसलेल्या फेटेवाल्यांनी मान वर केली. "माह्याबी मोबाइलात थेच हाय."

"काय हाय?"

"हेच. राजपाल. नव्व्याण्णव एकर."

"माह्याबी," पलीकडून एक काका म्हणाले. "मले तं दोनदा आला. दोन पोरी हाय मले."

मोहनसिंगांनी आधी मोबाइल खिशात ठेवला, मग चष्मा काढून तोही ठेवला.

राजपाल बाजेवर चढला. आपण सगळं नीट समजावून सांगितलं तर लोक समजून घेतील, असं त्याला वाटत होतं. मास्तरकीत आठ वर्षं गेली, की माणसाला असं वाटू लागतं. त्याने खोली सांगितली, अंगण सांगितलं, पेटी सांगितली. हुकूम कुठे लिहिला यापेक्षा तो कुठे पाळला जातो याला महत्त्व आहे, हे हात उंचावून दोनदा सांगितलं. आपण अधिकारी नाही, बंगला नाही, जमीन साडेतीन एकर, तीही कोरडवाहू, हेही सांगितलं. तेरा घरांत जे चारचौघांत बसून सांगितलं होतं, ते आता बाजेवर उभं राहून एकशे बारा माणसांना सांगून झालं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरगा खरं बोलते. पण काय बोलते थे समजत नाई!"

मोहनसिंग बाजेजवळ आले. "म्हंजे मले बोलावलं थे चुकून?"

"नाई जी! तुम्हाले तं खरंच बोलावलं होतं."

"आन् याइले?"

"याइले चुकून."

मोहनसिंगांनी चष्मा परत चढवून फेटेवाल्यांचा मोबाइल मागून घेतला. आपल्या मोबाइलशेजारी धरला. दोन्ही मेसेज ओळीओळीने ताडून पाहिले. तिकिटाचा नंबर पाहावा तसे.

"सारखेच हाय," ते म्हणाले. "खरं कोनतं अन् चुकीचं कोनतं, कसं वळखाचं?"

राजपालने दोन्ही मोबाइल हातात घेतले. दोन्ही मेसेज एकाच ओळीतून निघाले होते. अक्षरात, वेळेत, कशातच फरक नव्हता. त्याने ते परत केले.

तेवढ्यात पहिला मुलगा आला. मोटरसायकल बाभळीखाली लावून, मोबाइल पुढे धरून सरळ अंगणात घुसला.

"अध्यक्ष कोन हाय? मले 'येऊ नये' म्हणून मेसेज आला. काहून येऊ नये? फॉर्म भरेल हाय म्या. फोटो देल्ला हाय!"

हा वीरेंद्र. मंगरूळपीरला बसस्टँडमागे त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. त्याच्यापाठोपाठ इंझोरीकडून दोन जीपगाड्या आल्या. येऊ नका म्हटल्यावर समाजातला माणूस घरी बसतो, अशी राजपालची कल्पना असेल, तर ती सव्वाबारापर्यंत दूर झाली. एकावन्नपैकी त्रेचाळीस मुलगे काका-मामांसह हजर झाले. कुणाला बोलावलं नव्हतं आणि सगळे त्याचाच जाब विचारत होते.

"आमाले वगळून गुपचूप सोयरिकी करून राह्यले काय?"

"कोन्या मोठ्या घरचा कार्यक्रम हाय हा?"

"अन् सतरंज्या मंडळाच्या दिसून राह्यल्या!"

लालसिंगांनी चौतिसावा चहा खाली ठेवला आणि एका सतरंजीवर बसून घेतलं.

दीड वाजता कमलीबाईंच्या घरातलं पाणी संपलं. पोहे तर कधीच संपले होते, नंतर शेजारणींनी सहा घरांतून आणखी केले, तेही संपले. बाबूसिंगांनी बोअरची मोटर लावली. ती दहा मिनिटं चालली, घरघरली आणि बंद पडली. सारवलेल्या अंगणात अडीचशे माणसं, डोक्यावर ऊन, आणि पाण्याचा थेंब नाही.

"राजपाल, काही कर ना रे!" कमलीबाई दारातून म्हणाल्या.

"याडी, दोनच मिनटं." तो बाजेवर मुलांच्या बापांना खोली आणि अंगण पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

वीरेंद्रने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "पक्कड हाय काय घरात, काकू?" त्याने विचारलं. पक्कड मिळाली. तो स्टार्टरच्या पेटीपाशी बसला, झाकण काढलं, एक वायर हुंगली. "कंडेन्सर गेला. माह्या गाडीच्या डिक्कीत हाय जुना." वीस मिनिटांत पाणी सुरू झालं. मग तोच बादल्या भरून पोरींच्या बापांपुढे फिरला. मोहनसिंगांनी दोन पेले पाणी पिऊन तोंड पुसलं.

"कोन्या गावचा रे बाप्पा तू?"

"मंगरूळपीर."

"लगन?"

"त्याच्यासाठीच तं भांडाले आलो," वीरेंद्र म्हणाला.

पाणी प्यायल्यावर माणसं बोलकी झाली. मुलींचे बाप एका बाजूला, मुलांचे बाप दुसऱ्या बाजूला, मध्ये मंडळाच्या सतरंज्या. प्रत्येकाच्या खिशात फोटो होताच. गाड्यांचं भाडं भरून आलोच आहोत तर पाहून घेऊ, असं फेटेवाले म्हणाले आणि उठून समोरच्या सतरंजीवर जाऊन बसले. त्यानंतर कुणाला राजपालची गरज उरली नाही. तो बाजेवरून उतरला, तेही कुणाला कळलं नाही. कुळं सांगितली जात होती, मामाची गावं निघत होती, दूरची नाती सापडत होती. चार वाजता कमलीबाईंच्या घरातला गुळाचा डबा लालसिंगांनी मागून घेतला आणि पहिल्या सोयरिकीचा गूळ वाटला. नंतर थोड्या थोड्या वेळाने डबा परत परत मागवला गेला.

राजपालचं लक्ष मोहनसिंगांकडे होतं. ते कडुनिंबाखाली उभे राहून फोनवर बोलत होते. मग त्यांनी फोन वीरेंद्रकडे दिला. वीरेंद्र आधी लाजला. मग काहीतरी म्हणाला. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे पलीकडचं हसणं अंगणभर ऐकू आलं. राजपालने न ठरवता मोजलं. चार वेळा.

साडेपाचला मोहनसिंग त्याच्यापाशी आले. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात नव्हता.

"मास्तर, येतो मंग."

"आपलं... आपल्याबद्दल काय ठरलं जी?"

मोहनसिंगांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "तुमी माणूस चांगले हा. घरबी चांगलं हाय. पण पोरीचं मन तिकडं दिसलं." त्यांनी बाभळीखालच्या मोटरसायकलीकडे पाहिलं. "अन् माह्यंही. ज्याले येऊ नको म्हणून लिहून देल्लं तरी थो आला, त्याले खरी गरज हाय. तुमच्याकडं तं चांगले सेहेचाळीस आले होते."

"थे चुकून आले होते!"

"हाव, थे समजलं मले," मोहनसिंग म्हणाले आणि किशनच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. किशनने राजपालला हात केला. "पुढच्या कार्यक्रमाले सांगजो, भाऊ."

अंगण रिकामं झालं. बाबूसिंग अखेर खाली बसले. लालसिंगांना आनंद आवरत नव्हता. "अकरा जमल्या, राजपाल! एका दिवसात अकरा! नऊ वर्सांत दोन जमल्या होत्या, त्यातली एक मोडली. तुह्या प्रोग्रामले हात लावू नको आता. जसा हाय तसाच ठेव."

"चूक हाय त्याच्यात, नाईकसाहेब."

"असू दे की."

लालसिंग सतरंज्या मोजायला गेले. राजपाल खाटेवर बसला आणि त्याने लॅपटॉप पुढे ओढला. पेटी काढून टाकली. मेसेजची ओळ उचलून खोलीच्या आत ठेवली, जिथे ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. काम दोन मिनिटांचं होतं. मग शनिवारी खोलीच्या आत खरोखर कोणकोण निघालं होतं, ते त्याने पडद्यावर काढलं. सेहेचाळीस ओळी आल्या. तो एकेक वाचत खाली गेला.

एकोणतिसावी ओळ नीताची होती. मुलगी: नीता मोहनसिंग, मानोरा. मुलगा: वीरेंद्र, मंगरूळपीर, मोटर वाइंडिंग. वेळ: शनिवार, दुपारी चार वाजून दोन मिनिटे.